एका पिशवीत दोन वर्षांची भेंडी: लोदमधल्या एका घरबागेचा दशमांश

इस्राएलमधल्या लोद शहरातलं तळमजल्यावरचं घर धरू. मागे कुंपण घातलेली छोटी मोकळी जागा, घरात मराठी बोलणारं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेलं यहुदी कुटुंब. त्यामुळे वाफ्यात काय असेल ते सांगायला नको: भेंडी, टोमॅटो, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर. शिवाय बाल्कनीत बुडाला भोक नसलेल्या बादलीत चेरी टोमॅटो. तारखा धरू सप्टेंबर २०२५च्या.

रविवारी २१ तारखेला ७०० ग्रॅम भेंडी तोडली, वजन केलं, कापडी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली. सोमवारी सूर्यास्ताला रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्षाचा सण लागला. सणाच्या दोन दिवसांत तोडणी बंद. गुरुवारी २५ला आणखी ५०० ग्रॅम भेंडी निघाली आणि घरातल्या कोणीतरी ती त्याच पिशवीत ओतली. त्याच दिवशी दीड किलो टोमॅटो, बादलीतले २०० ग्रॅम चेरी, ८० ग्रॅम मिरच्या आणि कोथिंबिरीची एक जुडी आली. शुक्रवारी सकाळी शब्बाथचा (शुक्रवारी सूर्यास्ताला लागणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचा) स्वयंपाक करायचा आहे, आणि यातल्या कशाचाही दशमांश, म्हणजे यहुदी नियमाप्रमाणे पिकातून बाजूला काढायचे वाटे, निघालेला नाही.

दुकानातल्या कश्रुतचं (यहुदी आहारनियम पाळल्याचं) प्रमाणपत्र असलेल्या भाजीत हे काम आधीच झालेलं असतं. परसातल्या भाजीला मात्र घरच्यांशिवाय वाली नाही. त्यात हा नियम इस्राएलच्या भूमीपुरता आहे. अलिबाग-पेणच्या परसात पिकलेल्या भाजीला तो कधीच लागू नव्हता, म्हणून ‘आजी कशी करायची’ असं विचारून इथे उत्तर मिळत नाही. शब्बाथ, सण, कोशर या बाबतीत कोकणातून आलेली रीत हाताशी असते. दशमांश या घराला इथे येऊन शिकावा लागतो.

ज्या भाजीतून वाटे काढलेले नाहीत ती ‘तेवेल’. ती खाता येत नाही. वाटे असे. पहिला ‘तेरुमा गदोला’, कोहेनाचा, म्हणजे याजकाच्या कुळातल्या माणसाचा. पूर्वी उदार माणूस चाळिसावा भाग देई, मध्यम पन्नासावा, चिक्कू साठावा. आज शुद्धीची साधनं नसल्यामुळे कोहेनालाही तो खाता येत नाही, म्हणून अगदी कणभर काढला तरी चालतो. दुसरा ‘मआसेर रिशोन’, उरलेल्याचा दहावा भाग, लेवीचा, म्हणजे मंदिरसेवकांच्या कुळातल्या माणसाचा. त्या दहाव्याचाही दहावा भाग ‘तेरुमत मआसेर’, तो पुन्हा कोहेनाचा. मग राहिलेल्याचा आणखी एक दहावा भाग, आणि तो कोणाचा हे वर्षावर ठरतं. सात वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी तो ‘मआसेर शेनी’: पूर्वी यरुशलेमला नेऊन खायचा, आज नाण्यावर सोडवायचा, म्हणजे त्याचं पावित्र्य नाण्यावर उतरवायचं. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी तो ‘मआसेर आनी’, गरिबाचा. सातवं वर्ष शमिटाचं. तेव्हा पीक सर्वांचं, दशमांश नाही.

गेला शमिटा ५७८२चा, म्हणजे २०२१-२२. तिथून मोजलं की ५७८५ तिसरं वर्ष आणि ५७८६ चौथं. या दोघांमधली सीमा २२ सप्टेंबर २०२५चा सूर्यास्त. आपल्या पिशवीतली रविवारची भेंडी गरिबाच्या वर्षातली आहे आणि गुरुवारची नाण्याच्या वर्षातली.

पालेभाजी-फळभाजीचं वर्ष तोडणीवरून ठरतं. टोमॅटो सणाच्या आठवडाभर आधीच वेलावर लालबुंद झालेला असला तरी सणानंतर तोडला तर तो नव्या वर्षाचा. झाडांच्या फळांना हा हिशेब लागत नाही. त्यांचं वर्ष शेवात या यहुदी महिन्याच्या १५ तारखेला बदलतं आणि फळ धरण्याच्या वेळेवरून ठरतं. म्हणून अंगणात लिंबाचं झाड असेल तर त्याची नोंद भाजीच्या वहीत घालू नये.

आपल्या प्रकरणाचा मूळ प्रश्न तालमूदात, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, जवळपास जसाच्या तसा आहे. त्यातल्या ‘रोश हशाना’ नावाच्याच भागाच्या १२व्या पानावर सांगितलं आहे की कोणी सणाच्या आदल्या दिवशी सूर्यास्ताआधी भाजी तोडली आणि सूर्यास्तानंतर पुन्हा तोडली, तर एकीचा वाटा दुसरीच्या वतीने काढता येत नाही. एक जुनी, एक नवी. मिश्ना, म्हणजे तालमूदाचा मूळ नियमसंग्रह, त्यातल्या ‘तेरुमोत’ या भागाच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे, नव्यातून जुन्यासाठी काढलेला वाटा मुळात वाटाच ठरत नाही. म्हणजे पिशवीत हात घालून हाताला आली ती भेंडी बाजूला काढली, सगळं वाक्य बिनचूक म्हटलं, तरी दोनपैकी एक ढीग तेवेलच राहिला. पिशवी नीट हलवूनही उपयोग नाही. वाइन आणि तेल एकमेकांत एकजीव होतात असं मानतात. सुटे नग एकजीव होतात असं कोणी मानत नाही.

शुक्रवारी सकाळी पिशवी ओट्यावर रिकामी करून भेंडी निवडायची. फ्रिजमध्ये पाच दिवस राहिलेल्या भेंडीचा देठाचा काप काळपट-तपकिरी आणि कोरडा होतो, कडांच्या शिरा काळवंडतात, टोक वाकवलं तर मोडत नाही, लवतं. कालच्या भेंडीचा काप फिकट हिरवा, ओलसर असतो आणि टोक कट्कन तुटतं. एवढ्यावर बहुतेक भेंड्या वेगळ्या होतात. समजा ६०० ग्रॅम नक्की जुन्या निघाल्या, ४२० ग्रॅम नक्की नव्या, आणि १८० ग्रॅम, म्हणजे पंधरा-सोळा भेंड्या, कुठल्या ते ठरेना.

या पंधरा-सोळांसाठी सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे प्रत्येक भेंडीचा वाटा तिच्यातूनच काढणं. १२ ग्रॅमच्या भेंडीचा एक टक्का म्हणजे ०.१२ ग्रॅम. टोकाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा त्याहून सहज जास्त भरतो. प्रत्येकीचं टोक कापून तिच्यासाठीच ठेवलं की जुनं-नवं हा प्रश्नच उरत नाही. मात्र टोकच कापायचं, देठ नाही. देठ कोणी खात नाही, आणि जे अन्न नाही ते वाटा म्हणून चालत नाही. हीच चूक घरोघरी होते: कोथिंबिरीची मुळं, टोमॅटोचा सडका भाग, मिरचीचं देठ असं टाकाऊ ते ‘देवाला’. नियम उलटा आहे. वाटा चांगल्यातून काढायचा.

बादलीतल्या चेरीचा ढीगही वेगळा ठेवायचा. कुंडीला मूळ बाहेर पडेल एवढं भोक असेल तर ती जमिनीसारखी धरतात. व्यवहारात दोन-अडीच सेंटिमीटरचं भोक ठेवलं की कोणाच्याही मापाने अडचण येत नाही. बिनभोकाच्या कुंडीतल्या पिकावरही दशमांश आहे, पण तो एक पायरी खालच्या दर्जाचा. त्यामुळे जमिनीतल्या टोमॅटोतून बादलीतल्यांसाठी किंवा उलट वाटा काढायचा नाही, दोन्ही टोमॅटोच असले तरी. घराच्या आत, छपराखाली खिडकीशी वाढवलेल्या भाजीबद्दल जुन्या आचार्यांत मतभेद आहे. रामबाम अशा पिकावर आचार्यांच्या नियमाने दशमांश लावतात, राबाद सूट देतात. तिथे वाटा काढायचा, पण बेराखा (कृतीआधी म्हणायची स्तुतिप्रार्थना) म्हणायची नाही. शंका असेल तिथे सगळीकडे हीच रीत: कृती पूर्ण, बेराखा नाही.

एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारासाठी काढता येत नाही हे तर बहुतेकांना माहीत असतं. मिरचीतून कोथिंबिरीचं काम होत नाही.

आता ओट्यावर काय मांडायचं ते. वाटा काढताना तो माल जवळ असावा लागतो, म्हणून फ्रिजमधलं, टोपलीतलं सगळं एकाच जागी, भांड्यांची तोंडं उघडी ठेवून मांडायचं. प्रत्येक ढिगातून एक टक्क्याहून थोडं जास्त:

जुनी भेंडी ६०० ग्रॅम: ६ ग्रॅमहून जास्त हवं, एक मध्यम भेंडी पुरते.
नवी भेंडी ४२० ग्रॅम: ४.२ ग्रॅमहून जास्त, एक लहान भेंडी.
संशयातली भेंडी: प्रत्येकीचं टोक.
जमिनीतले टोमॅटो दीड किलो: १५ ग्रॅमहून जास्त, २० ग्रॅमची एक फोड.
बादलीतले चेरी २०० ग्रॅम: एक चेरी.
मिरच्या ८० ग्रॅम: एक मिरची.
कोथिंबीर: पानांसकट दोन-तीन काड्या.

एक टक्काच का? तेरुमत मआसेर हा दहाव्याचा दहावा, म्हणजे शंभरातला एक. तो मापून काढावा लागतो. त्यावरचं ‘थोडं जास्त’ म्हणजे तेरुमा गदोला. वजनकाटा नसेल तर सढळ हाताने काढावं. जास्त निघालेलं तेरुमा गदोलातच धरलं जातं. कमी पडलं तर मात्र काम फसतं. लेवीचे उरलेले नऊ टक्के आणि त्यापुढचा दहावा भाग कापून बाजूला ठेवायची गरज नाही. ते ढिगात कुठे आहेत हे तोंडाने ठरवलं की पुरतं.

आधी वाटे वेगळे करण्याची बेराखा, सगळ्या ढिगांना मिळून एकदा. मग वाक्य. ते हिब्रूत छापलेलं मिळतं, पण कोणत्याही भाषेत चालतं, आणि म्हणणाऱ्याला कळलेलं असणं फार महत्त्वाचं. मराठीत त्याचा आशय असा: ‘इथे काढलेल्यात एक टक्क्याहून जे जास्त आहे ते तेरुमा गदोला, त्याच्या उत्तर बाजूला. राहिलेला एक टक्का आणि त्याच्यासारखे आणखी नऊ भाग, भाजीच्या उत्तर बाजूला, हे मआसेर रिशोन. तोच एक टक्का तेरुमत मआसेर. भाजीच्या दक्षिण बाजूला मआसेर शेनी. तो त्याच्या पाचव्या हिश्शासकट त्या ठेवलेल्या नाण्यातल्या एका पेरुतावर (किमतीचं सर्वांत लहान माप) सोडवलेला. जिथे मआसेर आनी लागू आहे, तिथे दक्षिण बाजूला मआसेर आनी. प्रत्येक प्रकार आपल्या प्रकारासाठी, प्रत्येक वर्ष आपल्या वर्षासाठी.’ नाण्यावर सोडवण्याआधी त्याची वेगळी बेराखा आहे. इथे नवी भेंडी, टोमॅटो, मिरच्या नक्की चौथ्या वर्षाच्या असल्यामुळे ती म्हणायची.

क्रम मोडू नये. चुकून मागेपुढे झालं तर केलेलं मात्र फुकट जात नाही.

हे कोणी म्हणायचं? भाजीचा मालक किंवा त्याची परवानगी असलेला मोठा माणूस, बाई असो की पुरुष. सकाळी लवकर उठलेल्या पाहुण्याने मदत म्हणून परस्पर उरकलं तर ते धरत नाहीत. घरात एकदा ‘ओट्याशी असेल त्याने काढावा’ असं सांगून ठेवलेलं बरं.

काढलेल्या तुकड्यांवर पावित्र्य आहे. ते खायचे नाहीत आणि उघडे कचऱ्यातही टाकायचे नाहीत. एका पिशवीत बांधून, ती दुसऱ्या पिशवीत घालून मग डब्यात.

नाण्याकडे थोडं नीट पाहायला हवं, कारण घरबागेची अडचण तिथे येते. पेरुता म्हणजे सुमारे ०.०२५ ग्रॅम चांदीची किंमत, काही अगोरा (शेकेलचा शंभरावा भाग). चांदीच्या भावाबरोबर ती हलते. कितीही भाजीचा मआसेर शेनी एका पेरुतावर सोडवता येतो, पण ज्याची किंमत पेरुताएवढीही भरत नाही त्याचं काय? ८० ग्रॅम मिरच्यांचा मआसेर शेनी जेमतेम ७ ग्रॅम, म्हणजे दोन मिरच्या. एवढ्याशावर कोरं नाणं पावन होत नाही. तालमूदाचा तोडगा असा की ज्या नाण्यावर आधी पूर्ण किमतीचं काहीतरी सोडवलेलं आहे त्याच नाण्यावर हेही सोडवावं. म्हणून नवं नाणं घेताना पहिली खेप टोमॅटोसारख्या भरघोस ढिगाची असावी. तीवर पहिला पेरुता बसला की मिरची-कोथिंबीर पुढे त्याच नाण्यावर चालते. पाच शेकेलचं नाणं डबीत घालून सोबत कागद ठेवायचा आणि प्रत्येक वेळी एक रेघ मारायची. हा उपद्व्याप नको असेल तर दशमांश निधीचं सभासद व्हावं: वर्गणी भरायची, आणि ‘निधीच्या नाण्यावर’ एवढं वाक्यात म्हणायचं. दर आठवड्याला चार मिरच्या निघणाऱ्या घराला निधीच सोयीचा.

गरिबाचा वाटा राहिला. जुनी भेंडी सगळी मिळून ७०० ग्रॅम. संशयातल्या प्रत्येक भेंडीचं वर्ष माहीत नसलं तरी रविवारचं वजन माहीत आहे, त्यामुळे ‘शंका आहे, द्यायला नको’ अशी पळवाट इथे काढू नये. मआसेर आनी सुमारे ९ टक्के, म्हणजे ६३ ग्रॅम. तोंडाने ठरवला की उरलेली भाजी खायला मोकळी, पण हे ६३ ग्रॅम गरिबाचे आहेत. ते आपण खाल्ले तर ती चोरी. एवढीशी भेंडी घेऊन शुक्रवारी कोणाचं दार वाजवायचं? यावरही मिश्नात, गिट्टिनच्या तिसऱ्या अध्यायात, सोय आहे. ओळखीच्या गरजू माणसाला आधीच काही रक्कम उसनी द्यायची आणि पुढे निघेल तसा त्याचा वाटा त्या उसन्यातून वळता करायचा. भेंडी २० शेकेल किलो धरली तर ६३ ग्रॅमचे सव्वा शेकेल. वर्षाच्या सुरुवातीला ५० शेकेल दिले की छोट्या बागेचा तिसऱ्या वर्षाचा बराच हिशेब त्यात बसतो. लेवीच्या वाट्यालाही ही पद्धत लागते. आज लेवी आपली वंशावळ सिद्ध करू शकत नाही म्हणून अनेक जण त्याला देत नाहीत. ओळखीचा लेवी असेल तर द्यावं असं सांगणारेही आहेत.

हे सगळं शुक्रवारीच का उरकायचं? शब्बाथला आणि सणाला वाटे काढता येत नाहीत. संधिप्रकाशातही नक्की तेवेल असलेल्याचे काढता येत नाहीत, फक्त संशयातल्या मालाचे चालतात. म्हणूनच मिश्नात शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी घरात म्हणायच्या तीन गोष्टींत पहिली हीच: दशमांश काढला का? सूर्यास्त उलटला तर ओट्यावरची भेंडी शनिवारी रात्रीपर्यंत तशीच ठेवावी लागते.

आणि काढण्याआधीच भाजी शिजवली तर? शिजवलेल्यातूनही वाटा काढता येतो. पण भेंडीच्या भाजीत टोमॅटो, मिरची, कोथिंबीर सगळं पडलेलं असतं आणि प्रत्येकाचा प्रकार वेगळा. रस्सा ढवळत कोथिंबीर शोधत बसण्यापेक्षा रब्बीला विचारलेलं बरं, भांड्यांचाही प्रश्न येतो. दुकानातल्या, दशमांश झालेल्या भेंडीत घरची मिसळली तर तिसराच गुंता. तेवेल आपल्याच प्रकारात कितीही थोडं मिसळलं तरी ते विरून गेलं असं मानत नाहीत, आणि सूट असलेल्या भेंडीतून बांधील भेंडीचा वाटा निघत नाही. तिथे बागेतून नवी भेंडी तोडून, तिच्यातून आत अडकलेल्या भेंडीचा वाटा काढावा लागतो, आणि अर्थातच दोन्ही एकाच वर्षातल्या हव्यात.

अंगणात उभं राहून चाखायला मात्र मोकळीक आहे, आणि ती बारीक आहे. लोदमध्येच राहणाऱ्या रब्बी टारफोन यांचं नाव ज्या मिश्नात येतं (मआसरोत ३:९) तिथे अंगणातल्या कोथिंबिरीचाच नियम दिला आहे: एकेक पान खुडून खावं, पानं एकत्र केली की दशमांश लागला. चेरी टोमॅटोचंही तसंच, एक तोडला, तोंडात टाकला, मग दुसरा. दोन हातात घेतले की सवलत संपली. मूठभर तोडून आत नेले, मीठ लावलं, विस्तवावर ठेवले, किंवा शब्बाथ लागला, तरी संपली. कोथिंबिरीची जुडी बांधली की तिचं काम ‘पुरं झालं’ असं धरतात. जुडी न बांधता टोपली भरायची असेल तर टोपली भरल्यावर.

कोथिंबिरीचा आणखी एक नियम आपल्या लोकांनी लक्षात ठेवावा असा. पाल्यासाठी पेरली असेल तर पाला आणि धने दोन्हींवर दशमांश आहे. फक्त धन्यांसाठी पेरली असेल तर पाल्याला सूट. आपल्याकडे निव्वळ धन्यांसाठी कोथिंबीर कोण लावतो? फुलावर गेलेली कोथिंबीर धन्यांसाठी राखली तरी तिची पेरणी पाल्यासाठीच होती.

पुढच्या वर्षांसाठी सुधारणा इतकीच हवी: एलुलच्या, म्हणजे सणाआधीच्या यहुदी महिन्याच्या, शेवटच्या आठवड्यात तोडलेलं सगळं सणाआधीच काढून मोकळं करावं, किंवा डब्यावर ‘५७८५’ असं लिहून वेगळं ठेवावं. सीमा ओलांडून तेवेल फ्रिजमध्ये राहिलं की निवडत बसणं आलं. दोन्ही वर्षं मआसेर शेनीची असली, जसं चौथ्यातून पाचव्यात जाताना, तरी जुनं-नवं वेगळंच काढायचं. लोक तिथे गाफील राहतात, कारण वाट्यांची नावं सारखीच असतात.

५७८६ चौथं वर्ष असल्यामुळे त्याच्या वल्हांडणाला, म्हणजे एप्रिल २०२६मध्ये, ‘बिऊर’ही आहे. मागच्या वर्षांचे वाटे तोवर ज्याचे त्याला पोचलेले असले पाहिजेत (तोराचं ‘अनुवाद’ हे पुस्तक, अध्याय २६). गरिबाचे सव्वा शेकेल त्याआधी वळते करायचे, आणि डबीतल्या नाण्यावर साठलेला मआसेर शेनी पेरुताएवढ्या किमतीच्या साखरेवर सोडवून ती साखर नळाखाली विरघळवून टाकायची. नाणं मग साधं होतं. खर्च करावं किंवा पुन्हा डबीत ठेवून नव्या कागदावर पहिली रेघ टोमॅटोच्या ढिगाने मारावी.